चाकाकडून इंजिनाकडे : १९५० च्या एका शेव्हरोलेट पिकअपचे प्रकरण

जुन्या अमेरिकन ट्रकचे काम हाती घेणारा बहुतेक प्रत्येक माणूस पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो : मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन दुरुस्त करावे, त्याच घराण्यातले मोठे बसवावे, की सरळ व्ही-८, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे, घ्यावे? येथे मांडलेल्या प्रकरणात आम्हीही सुरुवातीला तोच प्रश्न विचारला आणि त्यात आमचे काही आठवडे वाया गेले. पुढे लक्षात आले की या ट्रकमध्ये इंजिनाची निवड मागच्या ॲक्सलपाशी आधीच अर्धी ठरलेली होती. ते कसे, हे तपशिलाने लिहून ठेवण्याजोगे आहे, कारण १९४७ ते १९५४ या काळातल्या अर्ध्या टनाच्या हजारो शेव्हरोलेट ट्रकना हीच परिस्थिती लागू पडते.

वाहन आणि तक्रार

मिशिगन राज्यातील माझ्या एका शेजाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून असलेला १९५० चा शेव्हरोलेट ३१०० आहे. शेव्हरोलेटने १९४७ च्या उन्हाळ्यात ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाची जी ट्रकमालिका बाजारात आणली, तिच्यातला हा सर्वांत लहान, ११६ इंच व्हीलबेसचा पिकअप होय. दारांच्या काचांना पुढची तिकोनी फिरती काच नाही; ती १९५१ पासून आली. इंजिन ‘थ्रिफ्टमास्टर’ नावाने विकले जाणारे २१६ घनइंचांचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले, सुमारे ९० अश्वशक्तीचे. गिअर तीन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. विद्युतयोजना ६ व्होल्टची.

तक्रार अशी होती की इंजिन गरम झाल्यावर, विशेषतः पेडलवरचा दाब थोडा सैल केला की, खालून ठोका ऐकू येई. शेजाऱ्यांचे वडील हा ट्रक ताशी ४५ मैलांवर, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरवर, कधीच नेत नसत. शेजाऱ्यांना मात्र आता घरापासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या रस्त्यावर ताशी ६० मैलांनी, मागच्या गाड्यांची रांग न लावता जायचे होते. त्यांच्या अटी तीन होत्या : ट्रक साठ मैलांवर न कण्हता चालावा, हौद्यात लाकूड किंवा गवताचे भारे घालून चढ चढता यावा, आणि चासीला कुठेही कापाकापी होऊ नये, म्हणजे पुढेमागे कोणाला ट्रक मूळ रूपात न्यावासा वाटला तर नेता यावा. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. तिने अनेक मोहक पर्याय आपोआप बाजूला केले.

कारखान्याने काय दिले होते

त्या वर्षी फोर्डचा अर्ध्या टनाचा एफ-१ घेणाऱ्या गिऱ्हाइकाला २२६ घनइंचांचे ९५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडर किंवा २३९ घनइंचांचे १०० अश्वशक्तीचे फ्लॅटहेड व्ही-८ यांतून निवड करता येत असे. शेव्हरोलेटच्या ३१०० च्या गिऱ्हाइकाला इंजिनात निवडच नव्हती. २३५ घनइंचांचे ‘लोडमास्टर’ इंजिन मोठ्या ट्रकांसाठी राखलेले होते. ३१०० मध्ये निवड होती ती गिअरबॉक्सची : नेहमीचा तीन गिअरचा, किंवा जादा पैसे देऊन चार गिअरचा, ज्याला आज सगळे एसएम-४२० म्हणून ओळखतात. या चार गिअरच्या डब्याबद्दल नवख्यांचा हमखास गैरसमज होतो. त्याचा चौथा गिअर सरळ एकास एक आहे, म्हणजे वेगासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याचा पहिला गिअर मात्र सातास एकहून थोडा अधिक खोल आहे आणि तो भरल्या ट्रकला चिखलातून मुंगीच्या पावलांनी बाहेर काढण्यासाठी दिलेला आहे. आमच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियनचे, म्हणजे शाफ्टची गती चाकांना देणाऱ्या दातेरी जोडीचे, गुणोत्तर ४.११ आहे; चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे. टायर ६.००-१६ आकाराचे, म्हणजे सुमारे २८ इंच व्यासाचे. एवढ्या टायरचे चाक एका मैलात सुमारे ७२० फेरे घेते. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिनाला मिनिटाला ७२० गुणिले ४.११, म्हणजे जवळपास २,९६० फेरे घ्यावे लागतात. भाराखाली टायर थोडा दबत असल्याने प्रत्यक्षात ते तीन हजारांच्या घरात जातात. ४५ मैलांवर हाच आकडा २,२२० होतो. शेजाऱ्यांच्या वडिलांना हे गणित ठाऊक नसावे, पण त्यांच्या कानाला ते नक्की कळत होते.

२१६ इंजिन तीन हजार फेऱ्यांवर का टिकत नाही, याचे कारण बहुतेक लोक त्याच्या वयावर ढकलतात. खरे कारण त्याच्या तेलयोजनेत आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना तेल पंपाच्या दाबाने मिळते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना मात्र तसे मिळत नाही. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते. ती चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्रातल्या, तेलाच्या पन्हळीत बुडते, आणि वेग वाढला की चेंबरमधल्या नळ्यांतून उडणाऱ्या तेलाच्या धारा त्या पळीवर बसतात. शिवाय रॉडचे बेअरिंग सुटे बदलता येणारे नसून बॅबिट हा मऊ मिश्रधातू रॉडमध्येच ओतून तयार केलेले असते, आणि झीज झाली की पातळ पत्रे काढून त्याचा सैलपणा कमी करावा लागतो. ४०–४५ मैलांच्या जगासाठी ही योजना पुरेशी होती आणि तिने अमेरिकेची शेती व माल दोन्ही वाहिले. त्या काळातील शेव्हरोलेट आपल्याकडेही होतीच : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, आणि १९४८ मध्ये एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यातील अनेक बनावटींत शेव्हरोलेटचाही समावेश होता. पण तासन्‌तास तीन हजार फेरे ही मागणी या बेअरिंगांकडून कोणी केली नव्हती.

एक सूचना येथेच नोंदवतो. २१६ इंजिनाच्या ट्रकमधील तेलदाबाचे मीटर फक्त ३० पौंडांपर्यंत असते आणि चालत्या गाडीत काटा १५ च्या आसपास राहणे ही त्याची सामान्य अवस्था आहे. हे माहीत नसल्याने कित्येक चांगली इंजिने विनाकारण उघडली गेली आहेत. आमचे इंजिन मात्र खरोखर थकलेले होते. चेंबर उतरवल्यावर एका रॉडचा बॅबिट तडकून त्याचे तुकडे पन्हळीत पडलेले मिळाले.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय २१६ पुन्हा उभे करण्याचा. त्यासाठी बॅबिट ओतून अचूक बोअर करणारा कारागीर लागतो, आणि असे कारागीर आता थोडे उरले आहेत. खर्च करूनही वेगाची मर्यादा तीच राहते. प्रदर्शनात ठेवायच्या ट्रकसाठी मी हाच मार्ग सुचवला असता.

दुसरा पर्याय व्ही-८ चा, आणि तो सुचवणारे सर्वांत जास्त भेटले. शेव्हरोलेटचे २६५ घनइंचांचे व्ही-८ एड कोल यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५५ साली आले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘टास्क फोर्स’ ट्रकांमध्ये ते मिळू लागले. इंजिन उत्तम आहे, सुटे भाग आजही मुबलक आहेत. परंतु १९५० च्या चासीत ते बसवताना डाव्या बाजूचा एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या पेटीशी भिडतो, इंजिनाचे आधार नव्याने तयार करावे लागतात आणि, सर्वांत निर्णायक म्हणजे, त्याची ताकद मागच्या ज्या यंत्रणेला झेलायची असते ती यंत्रणा त्यासाठी घडवलेली नाही.

ही यंत्रणा म्हणजे टॉर्क ट्यूब, आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्या परिचयाच्या ट्रकमध्ये गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट उघडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही गती पुढे देणारे सांधे, असतात, आणि चाकाने दिलेला धक्का व ॲक्सलची उलट फिरण्याची ओढ कमानी पाट्यांमार्फत चासीला पोहोचते. १९५० च्या ३१०० मध्ये हा शाफ्ट एका जाड लोखंडी नळीत बंद असतो. नळीचे मागचे टोक ॲक्सलच्या मधल्या पेटीला, म्हणजे डिफरन्शियलला, पक्के जोडलेले असते, पुढचे टोक गिअरबॉक्सच्या शेपटीशी एका गोलाकार सांध्यात बसते, आणि त्या सांध्याच्या आत एकच क्रॉस असतो. चाके ट्रकला पुढे ढकलतात तो जोर या नळीतून गिअरबॉक्सला, तेथून क्लचच्या घराला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी आधारांमार्फत चासीला मिळतो. म्हणजे येथे गिअरबॉक्स हा केवळ गिअरबॉक्स नसून ट्रकला पुढे नेणाऱ्या सांगाड्याचा एक दुवा आहे. तो काढून दुसरा लावला की नळी निरुपयोगी होते. नळी गेली की ॲक्सल बदलावा लागतो. ॲक्सल बदलला की पाट्यांवरच्या बैठका, हँडब्रेकच्या तारा आणि बहुधा चाकांच्या बोल्टांची संख्याही बदलते, कारण ३१०० च्या चाकाला सहा बोल्ट असतात आणि नंतरच्या अनेक ॲक्सलना पाच. शेव्हरोलेटने स्वतः १९५५ मध्ये अर्ध्या टनाच्या ट्रकमधून टॉर्क ट्यूब काढून उघडा शाफ्ट दिला, आणि व्ही-८ ट्रकमध्ये आले ते उघड्या शाफ्टवरच. कारखान्याने जे केले नाही ते आपण गॅरेजमध्ये करावे, असे मला वाटत नाही.

तिसरा पर्याय पाच गिअरच्या बॉर्ग-वॉर्नर टी-५ गिअरबॉक्सचा होता. शेव्हरोलेटच्या एस-१० या लहान पिकअपमधला टी-५ या कामासाठी लोकप्रिय आहे, कारण त्याचा दांडा पुढच्या बाजूला असल्याने तो जुन्या ट्रकच्या लांब सीटखाली न जाता जमिनीतून सोयीच्या जागी वर येतो. त्याच्या पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.७२ धरले तर ४.११ च्या ॲक्सलबरोबरही ६० मैलांवर इंजिनाचे फेरे सुमारे २,१३० राहतात, आणि पहिला गिअर खोल असल्याने भार ओढण्यातही कमतरता येत नाही. आकड्यांवर पाहिले तर हा सर्वांत चांगला पर्याय होता आणि मी स्वतः बराच काळ त्याच्या बाजूने बोललो. पण त्यालाही उघडा शाफ्ट हवा, म्हणजे वरची सगळी साखळी पुन्हा आलीच. शिवाय स्टिअरिंगवरचा दांडा जाऊन जमिनीत भोक पडणार होते. शेजाऱ्यांनी त्या भोकाच्या कल्पनेनेच नकार दिला, आणि आज विचार करता त्यांचे म्हणणे बरोबर होते.

१९५४ मध्ये हलक्या ट्रकांसाठी आलेला हायड्रामॅटिक हा आपोआप गिअर बदलणारा पर्याय आम्ही नोंदीपुरताच पाहिला.

उरला तो मार्ग साधा होता : टॉर्क ट्यूब, तीन गिअर आणि क्लचचे घर जसेच्या तसे ठेवायचे, आणि साखळीची फक्त दोन टोके बदलायची. मागच्या टोकाला ३.५५ गुणोत्तराचे क्राउन-पिनियन आणि पुढच्या टोकाला पूर्ण दाबाच्या तेलयोजनेचे २३५ इंजिन.

३.५५ हे गुणोत्तर आकाशातून पडलेले नाही. शेव्हरोलेटने १९५० मध्ये आपल्या मोटारींना पॉवरग्लाइड ही स्वयंचलित गिअरयोजना दिली तेव्हा त्या मोटारींच्या मागच्या ॲक्सलमध्ये हे गुणोत्तर वापरले, आणि त्या मोटारीही टॉर्क ट्यूबच्याच होत्या. २३५ इंजिनाचे महत्त्व असे की ट्रकांमध्ये १९५४ पासून त्याच्या कनेक्टिंग रॉडांना पंपाच्या दाबाने तेल मिळू लागले आणि त्यांची बेअरिंगे सुटी, बदलता येण्याजोगी झाली. त्या वर्षी हलक्या ट्रकमध्ये आलेल्या या इंजिनाची अश्वशक्ती ११२ होती. मोठ्या ट्रकांसाठी त्याच वर्षी आलेले २६१ घनइंचांचे ‘जॉबमास्टर’ याहून ताकदवान आहे आणि जवळपास त्याच जागेत बसते. ते आम्हाला परवडेल अशा किमतीत चांगल्या स्थितीत मिळाले नाही, एवढेच.

निर्णयाचे गणित

या दोन बदलांना एकत्रच का पाहायला हवे, हे एका गुणाकारात दिसते. २१६ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, सुमारे १७५ पौंड-फूट. त्याला ४.११ ने गुणले तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सलला ७१९ मिळतात. २३५ चा टॉर्क सुमारे २००. त्याला ३.५५ ने गुणले तर ७१० मिळतात. म्हणजे चाकापाशी ओढ जवळजवळ तेवढीच राहते. चढावर ट्रकचा स्वभाव बदलत नाही, पहिल्या गिअरमध्ये भार उचलण्याची शक्ती घटत नाही, आणि ६० मैलांवरचे फेरे २,९६० वरून सुमारे २,५६० वर येतात. नुसते ३.५५ बसवून २१६ तसेच ठेवले असते तर ओढ सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली असती आणि भाऱ्यांसह चढ चढताना ते रोज जाणवले असते. नुसते २३५ बसवून ४.११ तसेच ठेवले असते तर ट्रक चपळ झाला असता, पण फेरे तेवढेच राहिले असते. इतकेच नव्हे, २३५ चा पिस्टन-प्रवास २१६ पेक्षा लांब आहे, ३.७५ इंचांऐवजी जवळजवळ ३.९४ इंच, त्यामुळे त्याच फेऱ्यांवर पिस्टनची गती उलट वाढते. नवे इंजिन बसवले म्हणजे जुना ॲक्सल निर्धोक झाला, हा समज येथे चुकतो.

आणखी एक लाभ आम्ही आधी धरला नव्हता. तीन गिअरच्या डब्यात दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.६८ आहे. ४.११ बरोबर ४० मैलांवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला ३,३०० हून अधिक फेरे घ्यावे लागत, म्हणून तो गिअर ३० मैलांनंतर कोणी ठेवत नसे. ३.५५ बरोबर हाच आकडा सुमारे २,८६० होतो. त्यामुळे चढावर दुसरा गिअर ४० मैलांपर्यंत निर्धास्त वापरता येऊ लागला, आणि दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमधली जी दरी या ट्रकमध्ये नेहमी खुपते ती बरीच भरून आली.

काम करताना

पहिले २३५ इंजिन आम्ही एका विक्रेत्याकडून ‘१९५४ नंतरचे’ म्हणून घेतले. बाहेरून रंगवलेले, स्वच्छ, हाताने फिरणारे होते. चेंबर उतरवल्यावर रॉडच्या टोकाला पळ्या दिसल्या. ते १९५४ पूर्वीचे, जुन्याच तेलयोजनेचे २३५ होते. घनइंच तेवढेच, नाव तेच. पण ज्या कारणासाठी आम्ही २३५ घेत होतो नेमके तेच त्यात नव्हते. वरचे झाकण किती स्क्रूंनी बसले आहे यावरून वर्ष ठरवण्याची रीत सर्वत्र सांगितली जाते, पण झाकणे आणि हेड सत्तर वर्षांत या इंजिनावरून त्या इंजिनावर गेलेली असतात. ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक वाचावा, आणि शक्य असेल तेथे पैसे देण्यापूर्वी चेंबर उतरवून रॉड डोळ्यांनी पाहावेत. विक्रेत्याने इंजिन परत घेतले, वाहतुकीचा खर्च मात्र आमच्या अंगावर पडला, आणि न तपासता घेण्याची ती चूक माझी होती.

दुसरे इंजिन १९५५ नंतरच्या एका ट्रकमधले मिळाले. ते क्लचच्या जुन्या घराला बोल्टांनी सरळ बसले. अडचण पुढच्या बाजूला आली : १९५५ पासून पाण्याच्या पंपाची रचना बदलल्याने पंखा जुन्या रेडिएटरच्या मानाने उंच आणि पुढे येतो. यासाठी एक जोडपट्टी मिळते, जिच्या साहाय्याने २१६ चा आखूड पंप नव्या ब्लॉकवर बसवता येतो. आम्ही तीच वापरली. फ्लायव्हीलचाही प्रश्न होता. ६ व्होल्टच्या काळातील फ्लायव्हीलला १३९ दाते आहेत, १२ व्होल्टच्या काळातील फ्लायव्हीलला १६८, आणि स्टार्टर ज्याचा त्यालाच चालतो. शेजाऱ्यांना ६ व्होल्टच ठेवायचे असल्याने जुने फ्लायव्हील तपासून, घासून घेऊन जुन्या स्टार्टरसह परत बसवले. तेलदाबाचे मीटर ६० पौंडांचे घातले, नाहीतर ३० चे जुने मीटर कायम टोकाला टेकलेले राहिले असते.

ॲक्सलचे काम जास्त वेळखाऊ ठरले. टॉर्क ट्यूब डिफरन्शियलला जोडलेली असल्याने क्राउन-पिनियन बदलण्यासाठी संपूर्ण ॲक्सल पाट्यांवरून सोडवून नळीसकट मागे ओढून काढावा लागतो. एवढे उघडलेच आहे तर गिअरबॉक्सच्या शेपटीचे बुश आणि नळीच्या पुढच्या टोकाची तेलसीलेही त्याच वेळी बदलावीत. ती झिजलेली असली की गिअरबॉक्समधले तेल नळीतून हळूहळू मागे डिफरन्शियलकडे उतरते, आणि बाहेर एक थेंबही न दिसता गिअरबॉक्स कोरडा पडतो. आमच्या ट्रकमध्ये हे घडू लागले होते.

गुणोत्तर बदलल्यावर वेगमापक चुकीचा झाला, आणि तो धोक्याच्या दिशेने चुकला. त्याला गती गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून मिळते, तो शाफ्ट आता त्याच वेगाला कमी फिरतो, म्हणून ट्रक ६० ने धावत असताना काटा ५२ च्या आसपास दाखवत होता. तारेच्या मध्ये गुणोत्तर दुरुस्त करणारी एक छोटी पेटी बसवून तो ठीक केला.

ब्रेकबाबत मी हट्ट धरला. १९५० पर्यंत या ट्रकना हक बनावटीचे ड्रम ब्रेक होते. १९५१ पासून शेव्हरोलेटने बेंडिक्स बनावटीचे दिले, जे जुळवायला सोपे आणि अधिक भरवशाचे आहेत. आम्ही चारही चाकांना १९५१ नंतरच्या पद्धतीचे ब्रेक घातले आणि एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर काढून दोन कप्प्यांचा बसवला, म्हणजे एखादी नळी फुटली तरी दोन चाकांचे ब्रेक शाबूत राहावेत. ज्या ट्रकचा सहजवेग ४५ वरून ६० वर जातो, त्याला थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. इंजिनावर खर्च करून ब्रेक मूळचे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या शेजारी बसून प्रवास करायला मी तयार नसतो.

आजची स्थिती

ट्रक आता दोन उन्हाळे चालला आहे. साठ मैलांवर केबिनमध्ये साध्या आवाजात बोलता येते, पाण्याचे तापमान स्थिर राहते, आणि गरम इंजिनावरही तेलदाब ३० पौंडांच्या खाली येत नाही. हौदा फाळक्यापर्यंत भरून लाकूड आणताना गावाबाहेरचा लांब चढ पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये जितका चढता येई तितकाच आजही येतो. त्यापुढे दुसरा टाकावा लागतो, पण आता तो चाळीसच्या वेगाने. सत्तर मैलांच्या वेगवान महामार्गावर हा ट्रक नेऊ नये हे माझे मत कायम आहे, आणि शेजारी नेतही नाहीत.

चासीला एकही नवे भोक नाही. जुने २१६ इंजिन तडकलेल्या रॉडसकट, सिलिंडरांत तेल घालून आणि तोंडे बंद करून त्यांच्या धान्यकोठाराच्या मागच्या फळीवर ठेवले आहे, आणि त्याच्या शेजारी ४.११ चे क्राउन-पिनियन तेलकट कापडात गुंडाळून, वर तारीख व ट्रकचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवले आहे.